पाव किलो धण्यांचा गोडा मसाला: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

गोड्या मसाल्याची यादी पहिल्यांदा वाचणारा माणूस बहुतेक वेळा यादीपाशीच थांबतो. वीसेक जिन्नस, त्यातले निम्मे कधी हातात न घेतलेले, आणि प्रमाण सुरू होतं ते थेट 'धणे एक किलो' पासून. वर्षाचा मसाला एकदम करणाऱ्या घरांसाठी ते प्रमाण ठीक आहे. दोन माणसांच्या बिऱ्हाडात, एका मिक्सरवर, रविवारच्या दुपारी ते झेपत नाही. मग आपण वाण्याकडून पुडा आणतो आणि विषय संपतो.

खरं तर या मसाल्याचा सगळा डोलारा धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि दालचिनी-लवंगेची जोडी एवढ्यांवर उभा असतो. हे नीट भाजले गेले तर यादीतलं एखादं नाव गळालं तरी आमटीला पत्ता लागत नाही. हेच कच्चे राहिले किंवा करपले, तर महागातली जायपत्री घालूनही काही उपयोग नाही. म्हणून इथे प्रमाण लहान ठेवलंय आणि भाजण्यावर जरा जास्त वेळ घालवलाय. तयार मसाला भांड्यात कधी टाकायचा हेही सविस्तर दिलंय, कारण कष्टाने केलेला मसाला तापलेल्या फोडणीत टाकून जाळणारे लोक कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गोडा मसाला म्हणजे गरम मसाला नव्हे, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. गरम मसाल्यात लवंग, दालचिनी, वेलची, मिरे यांचाच जोर, म्हणून तो चिमटीने आणि बहुधा शेवटी घालतात. गोड्या मसाल्यात धणे, खोबरं आणि तीळ यांचा भरणा असतो, म्हणून तो चमच्याने पडतो आणि पदार्थाला थोडा दाटपणाही देतो. आमटीत दोन चमचे गोडा मसाला ही रोजची गोष्ट आहे, दोन चमचे गरम मसाला ही शिक्षा.

काय आणायचं

खालच्या प्रमाणात साधारण अर्धा किलो मसाला होतो. चार माणसांच्या घराला तीन-चार महिने पुरतो.

धणे २५० ग्रॅम
सुकं खोबरं ७५ ग्रॅम
तीळ ५० ग्रॅम (पॉलिश न केलेले)
जिरे २५ ग्रॅम
ब्याडगी मिरच्या २५ ग्रॅम
खसखस १५ ग्रॅम
दगडफूल १० ग्रॅम
दालचिनी १० ग्रॅम
मिरे ८ ग्रॅम
शहाजिरे ८ ग्रॅम
लवंग, तमालपत्र, नागकेशर प्रत्येकी ५ ग्रॅम
हिरवी वेलची ५ ग्रॅम
मसाला वेलची ४
चक्रीफूल ३
जायपत्री एक लहान पाकळी
खडा हिंग ५ ग्रॅम
हळद २ चमचे
तेल ४ चमचे

चमचा म्हणजे इथे सगळीकडे चहाचा चमचा. पाच-पाच ग्रॅमचे जिन्नस घरी मोजत बसू नका. ज्याच्याकडे खडा मसाला सुटा मिळतो अशा दुकानात जा आणि 'पाव किलो धण्यांच्या गोड्या मसाल्याचं सामान द्या' म्हणून सांगा. पुण्या-मुंबईतले जुने मसालेवाले न विचारता बरोबर पुड्या बांधून देतात. तरी वरची यादी जवळ असू द्या, कारण प्रत्येक दुकानदाराचा हात वेगळा असतो, आणि लवंग-दालचिनी सढळ हाताने घालण्याकडे बऱ्याच जणांचा कल असतो. त्या दोन्ही वाढल्या की आमटीला बिर्याणीचा वास येतो.

नागकेशर किंवा जायपत्री मिळाली नाही तर अडून राहू नका. दगडफूल मात्र सोडू नका. गोड्या मसाल्याला जो मातकट, गडद वास असतो आणि जो ओळखता येतो पण कशाचा ते सांगता येत नाही, तो बराचसा दगडफुलाचा.

घेताना काय बघायचं? धणे दोन बोटांत चोळून बघा. ताजे असतील तर वास लगेच बोटांना लागतो; भुरकट आणि भोकं पडलेले धणे घेऊ नका. लवंगेवर नख दाबलं तर तेलाचा ओशटपणा जाणवला पाहिजे. कोरडी, डोकं झडलेली लवंग म्हणजे अर्क काढून घेतलेला माल असू शकतो. खोबऱ्याची वाटी आतून पांढरी हवी. पिवळी पडलेली किंवा किंचित जरी खवट वास असलेली वाटी मसाल्यात गेली, तर तो खवटपणा महिन्याभरात सगळ्या बरणीत पसरतो. नागकेशर म्हणजे देठाला चिकटलेली लहान गोल कळी. शेपटी असलेल्या मिऱ्यासारखी कबाबचिनी दिसायला साधारण तशीच असते, तेव्हा पुडीवरचं नाव वाचून घ्या.

मिरच्यांचं थोडं सांगायला हवं. गोड्या मसाल्यात मिरची तिखटासाठी नसते, रंगासाठी आणि भाजल्या वासासाठी असते. म्हणून ब्याडगी. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही सुरकुतलेल्या सालीची, गडद लाल मिरची रंगाला पुढे आणि तिखटाला मागे आहे. २०११ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. संकेश्वरी किंवा लवंगी घातलीत तर मसाला तिखट होईल आणि मग आमटीत तो हवा तेवढा घालता येणार नाही. तिखट लागतं त्या घरांनी आमटीत वेगळं तिखट घालावं, मसाला मऊच ठेवावा. काही घरांत गोड्या मसाल्यात मिरची अजिबात घालत नाहीत, तेही बरोबरच.

परदेशात राहणाऱ्यांसाठी दोन सूचना. खसखशीवर संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये बंदी आहे, तेव्हा तिकडे जाताना ती सामानात नको आणि घरून पाठवलेल्या मसाल्यातही नको. तिच्याऐवजी तीळ थोडे वाढवा. दुसरं, सुकं खोबरं मिळत नसेल तर सुपरमार्केटमधला सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस चालतो, पण पाकिटावर साखर घातल्याचा उल्लेख नाही ना ते बघा.

आदल्या दिवशीचं काम

निवडणं टाळू नका. धण्यात काड्या आणि बारीक खडे असतात, ते सुपात किंवा मोठ्या ताटात पाखडून काढा. दगडफुलात झाडाच्या सालीचे तुकडे आणि माती हमखास असते. हा प्रकार झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढतो, एका बाजूने करडा आणि दुसऱ्या बाजूने काळा दिसतो. त्याचे तुकडे मोकळे करा, चाळणीत हलकेच चोळा, माती खाली पडू द्या आणि साल वेचून टाका. धुवू मात्र नका. एकदा पाणी लागलं की ते पुरतं वाळायला वेळ लागतो, आणि मसाल्यात ओल राहणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

तमालपत्र कोरड्या फडक्याने पुसा आणि कात्रीने कापा. मिरच्यांचे देठ काढा. खोबरं किसून ठेवा. मसाला वेलची फोडून दाणे काढा. तिचं साल चिवट असतं, मिक्सरमध्ये दळलं जात नाही. हिरव्या वेलचीचं साल राहिलं तरी चालतं.

मग सगळं, हिंग-हळद सोडून, दोन-तीन तास कडक उन्हात ठेवा. मसाले मार्च ते मेमध्ये करतात ते उगाच नाही. मिरचीचं नवं पीक तेव्हा बाजारात आलेलं असतं आणि ऊन फुकट असतं. पावसाळ्यात करायची वेळ आली तर जिन्नस भाजायला थोडा जास्त वेळ द्या, एवढाच फरक.

भाजणं: सगळा मसाला इथे ठरतो

जाड बुडाची कढई घ्या, लोखंडी असेल तर उत्तम. शेजारी मोठं पसरट ताट. गॅस सुरुवातीपासून शेवटपर्यंत मंद. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा: शहाजिऱ्याला मिनिटभर पुरतं, धण्यांना दहा मिनिटं लागू शकतात. एकत्र टाकले की अर्धे करपतात आणि अर्धे कच्चे राहतात. 'सगळं एकदम टाकून परता' असं सांगणाऱ्या कृती वेळ वाचवतात आणि चव घालवतात.

क्रम असा ठेवा: आधी बिनतेलाचे जिन्नस, मग तेलातले, आणि मिरच्या सगळ्यात शेवटी. मिरच्या आधी भाजल्यात तर त्यांचा खकाणा उठून पुढचं काम शिंकत करावं लागतं.

पहिले तीळ. ते तडतडायला लागले आणि रंग किंचित बदलला की लगेच ताटात. तडतडणं थांबेपर्यंत वाट बघितली तर कडू होतात. मग खसखस, तीही रंग बदलण्याआधी वास आला की काढायची. नंतर जिरे आणि शेवटी शहाजिरे. शहाजिरे आधीच काळसर असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही, वासावर जायचं.

आता खोबरं. इथे घाई नको. किसलेलं खोबरं आधी नुसतं वाळतं, मग हळूहळू कडेने तांबूस होतं, आणि एकदा रंग धरला की भराभर पुढे जातं. चमचा सतत फिरवत राहा. फिकट बदामी रंगावर थांबलात तर मसाला सौम्य आणि फिकट होतो. आणखी थोडं पुढे, विटकरी तपकिरी रंगापर्यंत नेलं तर मसाला गडद आणि खमंग होतो. मला दुसरा प्रकार आवडतो. काळा ठिपका दिसायला लागला की मात्र गाडी पुढे गेलीय असं समजा. हवा त्या रंगाच्या जरा आधीच कढई उतरवा आणि खोबरं ताटात पसरा, कारण कढईच्या उष्णतेवर ते आणखी भाजत राहतं. खोबऱ्याला तेल घालायचं नाही, त्याचं त्याला पुरतं.

धण्यांना एक चमचा तेल. हा मसाल्याचा निम्मा भाग, म्हणून जरा जवळून बघू. सुरुवातीला चमचा फिरवताना धण्यांचा आवाज जड, दबका येतो. चार-पाच मिनिटांनी तो हलका, खुळखुळता होतो. आतली ओल निघून गेल्याची ती खूण. त्याच सुमाराला कच्चा, गवतासारखा वास जाऊन गोडसर वास येऊ लागतो. रंग फक्त एका छटेने गडद होतो, त्यापेक्षा जास्त नाही. आता दोन दाणे काढून, जरा निवल्यावर बोटांत दाबा. चुरा झाला तर झाले. वाकले आणि फुटले नाहीत तर आणखी दोन मिनिटं. कच्च्या धण्यांचा मसाला आमटीत कितीही उकळला तरी त्याचा हिरवट वास मागे राहतो.

उरलेलं तेल कढईत घाला आणि एकेक करत दालचिनी, लवंग, मिरे, दोन्ही वेलच्या, नागकेशर, चक्रीफूल, जायपत्री परतून काढा. ही मंडळी फार वेळ घेत नाहीत. लवंग फुगली की काढा, मिरे उडायला लागले की काढा. तमालपत्र हातात घेतल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे. दगडफूल शेवटी शेवटी टाका आणि नजर हटवू नका: ते कागदासारखं पातळ असतं, काही सेकंदांत कुरकुरीत होतं आणि तेवढ्याच सेकंदांत जळतं. कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो. तेलात पडल्यावर जो वास उठतो तो आला की उतरवा.

हिंगाचे खडे वाटाण्याएवढे फोडून तेलात तळा. ते फुलतात, हलके होतात आणि मग सहज कुटले जातात. खडा हिंग मिळाला नाही आणि डबीतला पूड हिंग वापरणार असाल, तर गॅस बंद करून कोमट तेलात तो आणि हळद हलवून घ्या. पूड हिंगात पीठ किंवा डिंक मिसळलेला असतो, म्हणून तो थोडा जास्त लागतो. खड्याच्या दीडपट धरा.

मिरच्या सर्वात शेवटी, खिडकी उघडून, तेलाच्या पुसट हातावर. कडक झाल्या, रंग काळपट व्हायच्या आत, काढल्या.

दळणं

सगळं पूर्ण गार होऊ द्या. तासभर तरी. कोमट जिन्नस झाकून ठेवले किंवा तसेच दळले, तर वाफेने मसाला भांड्याला चिकटतो आणि गोळे होतात.

मिक्सरचं भांडं कोरडं ठणठणीत हवं. आधी दालचिनी, लवंग, चक्रीफूल वगैरे टणक जिन्नस बारीक करा. मग मिरच्या आणि तमालपत्र. मग धणे-जिरे दोन-तीन घाण्यांत. वीस सेकंद चालवा, थांबा, चमच्याने खालवर करा, पुन्हा चालवा. सलग दोन मिनिटं मिक्सर फिरवलात तर भांडं तापतं आणि ज्या वासासाठी इतका वेळ कढईपाशी उभ्या राहिलात तो तिथेच उडून जातो. प्रत्येक घाणा चाळा, वरचा जाड भाग पुढच्या घाण्यात टाका.

तीळ, खसखस आणि खोबरं अगदी शेवटी. नुसतं खोबरं मिक्सरमध्ये फिरवलं की त्याचं तेल सुटतं आणि पूड व्हायच्या जागी लगदा होतो. म्हणून त्यात दोन-तीन चमचे आधी दळलेली धण्याची पूड घाला आणि मिक्सर थांबून थांबून, क्षणभरच फिरवा. नंतर सगळं परातीत एकत्र करून हाताने चांगलं मिसळा. खोबऱ्याचे बारीक कण थोडे जाणवले तरी हरकत नाही. गोडा मसाला मैद्यासारखा गुळगुळीत नसतो.

मिसळून झाल्यावर अर्धा दिवस पातळ फडक्याखाली झाकून ठेवा, मग बरणीत भरा. वास बसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी लवंग वेगळी, धणे वेगळे असे वास येतात. तिसऱ्या दिवशी एकच वास येतो.

चव कशी बघायची, बिघडलं तर काय

बरणीत नाक घालून मसाल्याची परीक्षा होत नाही. वाटीभर पातळ गरम वरण घ्या, त्यात अर्धा चमचा मसाला, थोडा चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि मीठ घाला, दोन मिनिटं उकळा आणि प्या. आंबट-गोडात हा मसाला उघडतो.

उग्र वाटला, लवंग-दालचिनीच पुढे येत असेल, तर ५० ग्रॅम धणे आणि थोडं खोबरं पुन्हा भाजून, दळून मिसळा. सपक वाटला तर बहुधा खडा मसाला जुना होता. दगडफूल आणि दालचिनी थोडी ताजी आणून, भाजून घाला. किंचित कडसर असेल तर तीळ किंवा शहाजिरे जास्त भाजले गेलेत. तो कडसरपणा गुळाने झाकला जातो, तेव्हा असा मसाला भरल्या वांग्यांसाठी ठेवा. खवट वास मात्र कशानेच जात नाही. तो टाकून द्यायचा, 'थोडा थोडा वापरून संपवू' म्हणायचं नाही.

ठेवायचा कसा

खोबरं आणि तीळ आहेत म्हणजे तेल आहे, आणि तेल आहे म्हणजे हवा, ऊन आणि ओल हे तिन्ही शत्रू. पंधरा दिवसांचा मसाला लहान डब्यात, बाकीचा काचेच्या बरणीत दाबून भरलेला, वर एक-दोन हिंगाचे खडे. पूर्वी चिनी मातीच्या बरण्यांना वरून दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधत. आताची घट्ट झाकणाची काचेची बरणी तेवढंच काम करते. प्लॅस्टिकचा डबा नको, त्याला वास धरतो आणि जात नाही.

पुण्याच्या कोरड्या हवेत बाहेर ठेवलेला मसाला तीन-चार महिने आरामात टिकतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळा लागला की बरणी फ्रीजमध्ये जाऊ द्या. एकच पथ्य: फ्रीजमधून काढलेली बरणी लगेच उघडायची नाही. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. ओला चमचा तर कधीच नाही, आणि पातेल्याच्या वाफेवर बरणी धरून मसाला घालायचा नाही.

आता वापर

एक नियम लक्षात ठेवा: हा मसाला आधीच भाजलेला आहे, त्याला पुन्हा भाजायची गरज नाही, उकळण्याची आहे. तापलेल्या तेलात पडला तर त्यातलं खोबरं आणि तीळ सेकंदात जळतात. म्हणून पाणी, डाळ, कोळ किंवा भाजी पडल्यानंतरच मसाला, आणि त्यानंतर किमान पाच-सात मिनिटं उकळी.

सुरुवात चिंच-गुळाच्या आमटीने करा. चार माणसांना वाटीभर तुरीची डाळ मऊ शिजवून घोटून घ्या. फोडणीत मोहरी, चार मेथीदाणे, हिंग, हळद, कढीपत्ता. त्यावर डाळ आणि दोन-अडीच वाट्या गरम पाणी. उकळी आली की लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, मीठ, अर्धा चमचा तिखट आणि दीड ते दोन चमचे गोडा मसाला. मंद आचेवर उकळत ठेवा. पाच मिनिटांनी कडेला हलका तवंग दिसू लागतो आणि स्वयंपाकघराचा वास बदलतो. वरून कोथिंबीर आणि ओलं खोबरं. आमटी बेचव लागली तर लगेच मसाला वाढवू नका. दहापैकी आठ वेळा मीठ किंवा गूळ कमी पडलेला असतो.

मसालेभातात तो वेगळ्या वळणावर पडतो. फोडणीवर तोंडली किंवा मटार-फ्लॉवर परतून, धुऊन निथळलेले तांदूळ त्यावर परतले की मग वाटीभर तांदळाला दोन चमचे मसाला, लगेच दुप्पट आधणाचं पाणी. मसाला तांदळाला माखतो आणि पाणी पाठोपाठ येत असल्यामुळे जळत नाही. वाढताना साजूक तूप आणि ओलं खोबरं. तोंडल्यांचा मसालेभात लग्नाच्या पंगतीत खाऊन ज्याला घरी करावासा वाटला आणि जमला नाही, त्याच्याकडे बहुधा हा मसाला नव्हता, गरम मसाला होता.

भरल्या वांग्यांच्या सारणात मसाल्याला सर्वात मोठा वाव. आठ लहान वांग्यांना अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, किसलेलं सुकं खोबरं, तीन चमचे गोडा मसाला, तिखट, मीठ, गूळ, चिंचेचा कोळ. सारण चाखून बघा. ते जेवणापेक्षा थोडं जहाल लागलं पाहिजे, कारण वांगं त्यातलं बरंच शोषून घेतं.

मटकीची किंवा डाळिंब्यांची उसळ, भोपळ्याची भाजी, पुरणपोळीच्या दिवशीची कटाची आमटी, सगळीकडे तोच क्रम. कटाच्या आमटीत मसाला जरा हात सोडून घाला, कारण हरभऱ्याच्या डाळीचा कट पातळ असतो आणि त्याची गोडसर चव पेलायला मसाला लागतो. आमसूल घालून केलेल्या उसळीत गूळ विसरू नका.

कुठे नको? पनीरच्या लाल रश्श्यात, छोल्यांत, माशांच्या कालवणात. छोल्यांत घातला तर बिघडत नाही, पण ते छोले राहत नाहीत. ताकाच्या कढीतही नको.

यानंतर काय

गोडा मसाला एकदा हातात बसला की बाकीचे मसाले अवघड वाटत नाहीत. मेटकूट सर्वात सोपं: डाळी, तांदूळ, गहू भाजून थोडे धणे-जिरे, मोहरी, सुंठ, हिंग, हळद घालून दळायचं, आणि मऊ भात-तुपाबरोबर खायचं; शिजवण्याचा प्रश्नच नाही. सोलापूर-मराठवाड्याकडचा येसर हा भाजलेल्या धान्या-डाळींचा आणि मसाल्याचा मिलाफ, त्याची आमटी पाहुणे अचानक आले तर दहा मिनिटांत होते. तिकडचा काळा मसाला गोड्या मसाल्याचा तिखट भाऊ, मिरची सढळ आणि खोबरं काळपट होईतो भाजलेलं. पुण्यातल्या कित्येक घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात, तेव्हा कुणाची कृती घेताना ती कुठली ते विचारून घ्या.

कोल्हापूर-साताऱ्याकडचा कांदा-लसूण मसाला मात्र लगेच हाती घेऊ नका. त्यात कांदा आणि लसूण असल्यामुळे ओलीचा धोका मोठा. कांदा उन्हात कडकडीत वाळवून, मग तेलात तांबूस तळून घ्यावा लागतो, आणि हे थोड्या प्रमाणात मिक्सरवर केलं तर तेल सुटून गोळा होतो. तो डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर, कुटलेलाच बरा.

डंकावर जायचं तर थोडी तयारी लागते. जिन्नस घरून भाजून नेता येतात किंवा बऱ्याच ठिकाणी तिथेच भाजून मिळतात. मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत मिरच्या, खडा मसाला, भाजणं आणि कुटणं एकाच फेरीत उरकतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे रांगा असतात, म्हणून सकाळी लवकर गेलेलं बरं. किलो-दोन किलोच्या खालचं कांडप बहुतेक डंकवाले घेत नाहीत, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून जावं. आपला घाणा टाकण्याआधी डंकात कोणाचा कुठला मसाला होता ते विचारा. आधी कुणाची तिखट मालवणी कुटली गेली असेल, तर डंक पुसून घ्यायला सांगा आणि सुरुवातीला मूठभर धणे कुटून ते बाजूला काढायला लावा. आपल्या कांडपापाशी उभं राहा, आणि डबा घरून स्वतःचा, झाकणाचा, कोरडा न्या.